चोवीस तासांची टेस्टिंग

शनिवारी सकाळी अनुश्री उठून बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा तिचा लॅपटॉप जमिनीवर अंथरलेल्या पेपरवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता. बाबा त्यावर वाकून दाढीच्या ब्रशनं एकेक तुकडा झटकत होते.

"बाबा, हे काय करून ठेवलंत?"

"सफाई," पंढरीनाथ मान वर न करता म्हणाले. "खंडेनवमी आहे ना आज. पूजा करायची तर मशीन आधी खोलून साफ करायला पाहिजे की नाही?"

पंढरीनाथ कापडमिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडून बारा वर्षं झाली, पण हातातला पाना काही सुटला नव्हता. दर खंडेनवमीला ते मिक्सर, स्कूटर आणि बायकोची शिवणाची मशीन उघडून साफ करत, हळदकुंकू वाहत आणि तो दिवसभर त्यांना विश्रांती देत. यंदा घरात पहिल्यांदाच नवी मशीन आली होती, आणि ती तशीच सोडून देणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं.

नवी म्हणजे अनुश्रीपुरती नवी. सोमवारी तिच्या प्रोजेक्टची परीक्षा होती आणि सरांनी आधीच बजावलं होतं, की लाइट असो वा नसो, प्रोजेक्ट चालवून दाखवावाच लागेल. लाइट तर इंदूरला पाहुण्यासारखी यायची आणि चहा व्हायच्या आत निघून जायची. म्हणजे बॅटरीवर चालणारा लॅपटॉपच हवा, आणि शेअरच्या टेम्पोत मांडीवर मावेल एवढा लहान. महिनाभर ती दुकानं पालथी घालत होती. नव्याची किंमत ऐकून तिनं प्यायला पाणी मागितलं होतं. शेवटी काल संध्याकाळी पाच वाजता जेल रोडच्या एका गल्लीत विक्रम नावाच्या दुकानदाराकडे हा जुना, वहीएवढा लॅपटॉप साडेनऊ हजारांत मिळाला. आईनं वर्षभर ब्लाउज शिवून ते पैसे जमवले होते.

"चौबीस घंटे की टेस्टिंग है दीदी," विक्रम म्हणाला होता. "कल पाँच बजे तक नी जमे तो वापस ले आना. बस नीचे की ये सील टूटी, तो मैं आपको पेचानता नी."

घरी आली तर लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी रिकामी. टेस्टिंग सकाळवर गेली आणि सकाळी हे असं.

"बाबा, खाली एक चिकटपट्टी होती. तिला सील म्हणतात."

"ती का? ती तर मी अगदी नीट काढली. डाग पण नाही राहिला बघ." मग त्यांनी चिमटीत कापसासारख्या धुळीचा एक राखाडी गोळा धरून तिच्यासमोर नाचवला. "रुई. पंख्यात बसली होती. दुनियेतली कोणतीही मशीन घे, पंखा म्हटला की रुई आलीच."

अनुश्रीला रडावं की ओरडावं कळेना. तिनं दोन्ही केलं नाही, कारण बाबांच्या हातात अजून सतरा स्क्रू होते.

आठ वाजता लॅपटॉप जोडून झाला. तिनं चार्जरची तार लावून बटणाकडे बोट नेलं, तर बाबांनी तिचा हात धरला.

"आज चालवायची नाही."

"मग चार्जिंगला तरी राहू देऊ का नको?"

पंढरीनाथांनी विचार केला. "राहू दे. ते म्हणजे तिला जेवायला घालणं. उपाशी थोडीच ठेवायची आहे तिला?"

"फक्त पाच मिनिटं चालवून बघते ना."

"मिलमध्ये तीन हजार माग एक दिवस थांबायचे, तुझी ही एवढीशी नाही थांबू शकत?"

स्वयंपाकघरातून आई, लक्ष्मीबाई, म्हणाली, "त्यांच्याशी वाद नको घालू गं. मला पण आज मशीनवर बसू नाही देत. दोन ब्लाउज पडलेत." तिथंही दाद लागली नाही. घड्याळ मात्र कोणाची पूजा मानत नव्हतं. दहाला लाइट गेली. अनुश्री खोलीत येरझाऱ्या घालत राहिली, दर दहा मिनिटांनी लॅपटॉपकडे आणि मग घड्याळाकडे बघत.

बारा वाजता बाबांचे मिलमधले दोस्त बाबूराव पूजेला आले. त्यांनी लॅपटॉपला झेंडू वाहिला, कुंकवाचं बोट नेमकं बटणांच्या मधोमध टेकवलं आणि नारळ उचलला.

"हिचा पाय कुठं आहे?"

"कशाला?" अनुश्रीनं विचारलं.

"नारळ मशीनच्या पायावरच फोडतात ना बेटा. आपण काय नवीन थोडी करतोय?"

अनुश्रीनं धावत जाऊन पाटा आणला आणि हाच पाय म्हणून पुढं ठेवला. नारळ फुटला, पाणी उडालं, ते तिनं ओढणीवर झेललं. बाबूराव म्हणाले, "पोरीची श्रद्धा आहे हो."

जेवणानंतर बाबा आडवे झाले. सव्वाचारला तिनं लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि नंदानगरहून जो पहिला टेम्पो दिसला त्यात चढली. खोललेली मशीन चालेल याचा भरवसा नव्हता. सील तर गेलीच होती, पण कदाचित विक्रम खाली बघणार नाही. आईचे पैसे वाचवायचा तेवढाच एक रस्ता उरला होता.

दुकानात पोचली तेव्हा पाचला दहा कमी होते. विक्रमनंही पूजा केली होती, पण फक्त कॅल्क्युलेटरची.

"मला नाही जमत आहे ही," अनुश्री धापा टाकत म्हणाली. "परत घ्या, भिया."

विक्रमला जराही आश्चर्य वाटलं नाही. "कोई बात नी. बंद हो जाती होगी ना बार-बार? वो सामनेवाली देखो, थोड़ी मेहंगी है, पर सॉलिड." बोलता बोलता त्यानं लॅपटॉप चालू केला आणि काउंटरवर ठेवला. "देखना, दस मिनट में बंद होगी."

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. वीस झाली. विक्रमनं लॅपटॉपला कान लावला, मग उलटा केला.

"सील किसने तोड़ी?"

"बाबांनी. पंख्यात रुई होती, ती काढली."

विक्रम मटकन स्टुलावर बसला. त्याच्या तोंडून जे बोलायला नको ते निघून गेलं. "दीदी, ये छह बार बिकी है. छहों बार वापस आई है."

अनुश्रीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वस्त लॅपटॉप घरी न्यायचा, तो बंद पडायचा, परत आणला की वर पैसे टाकून महागडा घ्यायचा. सगळं दुकान या एका आजारी मशीनवर चाललं होतं, आणि बाबांनी ती बरी करून टाकली होती.

"लाओ, वापस कर दो," विक्रम अजिजीनं म्हणाला. "पूरे पैसे देता हूँ. ऊपर से पाँच सौ."

अर्धं शहर ओलांडून जी परत करायला आली होती, ती मशीन अनुश्रीनं छातीशी घट्ट धरली. "सील तुटली तर परत घेत नाही ना तुम्ही? मी पण तुम्हाला पेचानत नी."

घरी बाबा पायरीवर बसले होते. रिकामी खोली बघून त्यांना काय समजायचं ते समजलं होतं.

"दिली परत?"

"नाही. घरी येईपर्यंत पाऊण तास चालली बाबा. आवाज पण नाही करत."

पंढरीनाथांनी सरकून पायरीवर तिला जागा केली. "खरं सांगू? पूजेचं तर होतंच. पण मला डर वाटत होता. खोलून बसलो आणि चाललीच नाही तर? म्हटलं, आजचा दिवस तरी निघून जाईल." त्यांचे डोळे भरून आले होते.

दसऱ्याच्या सकाळी ती प्रोजेक्टची तयारी करायला उठली. बाहेरच्या खोलीत पेपर अंथरला होता. त्यावर तीन लॅपटॉप उघडून मांडले होते, आणि त्यातला एक तिचा होता. समोर विक्रम मांडी घालून बसला होता; पावतीवरचा पत्ता शोधत तो आपल्या दोन बिघडलेल्या मशीन घेऊन आला होता.

"विक्रम, हात मागे. स्क्रूला नंबरानं ठेव," बाबा त्याला दटावत होते. बारा वर्षांत त्यांनी कोणाला दटावल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

"हओ काकाजी," विक्रम म्हणाला.

"बाबा, माझी का खोलली परत?"

"चांगली समोर असली की बिघडलेलीचा रोग कळतो. दुपारपर्यंत जोडून देतो."

"माझी परीक्षा उद्या आहे."

"म्हणून तर म्हणतो, उभी नको राहूस. लाइट गेली आहे, जरा टॉर्च धर."

अनुश्रीनं विक्रमच्या दोन्ही मशीनच्या बॅटऱ्या तारण म्हणून आधी उचलून आपल्या पिशवीत टाकल्या, आणि मग टॉर्च धरून बाबांच्या शेजारी बसली.