थेक्लाचा लंडनचा पाहुणा

"कॉफीच्या दुकानात जातोय, तावलीचा डाव टाकायला," असं सांगून क्लियान्थिस सकाळीच बाहेर पडला, तोही लग्नाकार्याचा कोट घालून. सोंगट्या खेळायला माणूस मानेला अत्तर कशाला लावतो, असं त्याच्या बायकोच्या, थेक्लाच्या मनात आलं. दुपारी त्याचा खेळातला जोडीदारच दारात हजर!

"वहिनी, कुठाय हा? आमचा डाव खोळंबलाय. विमानतळाच्या बसमध्ये दिसला म्हणे कुणाला तरी."

युद्धात बेटाच्या राजधानीचा, निकोसियाचा विमानतळ बंद पडला आणि लार्नाकात खाऱ्या तळ्याकाठी घाईघाईने नवा उभा राहिला, तेव्हापासून क्लियान्थिसने तिथे लोकांच्या बॅगा उचलल्या होत्या. अर्ध्या बेटाची लेकरं त्याने लंडन-मेलबर्नला रवाना केली, स्वतः मात्र कधी विमानात चढला नाही. निवृत्तीनंतर त्याचं तिथे काय काम?

"बाई उतरणार," थेक्लाने ताडलं. एवढ्या वर्षांचा संसार पाण्यात जाणार असेल, तर निदान तो डोळ्यांदेखत जावा! तिने लिपस्टिक लावली, काळा चष्मा चढवला आणि बस पकडली.

बाहेर येणाऱ्यांच्या दारापाशी पोचते न पोचते तोच मावसबहीण एलेंगू समोर.

"अगं थेक्ला! कोण येतंय?"

"एक पाहुणा... लंडनचा."

"आणि एकटी आलीस? तो काय म्हणेल! थांब."

पाहुण्याला घ्यायला एकट्याने जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणंच. एलेंगूने फोन काढला. बघता बघता तीन गाड्या भरून नातेवाईक आले, फुलं आली, हलूमी चीजचा डबा आला. एलेंगूची लग्नाची पोरगी केस विंचरून पुढे उभी राहिली.

"शिकलेला आहे ना गं?" एलेंगू कुजबुजली.

दार उघडलं. क्लियान्थिस बाहेर आला. त्याच्या हातात एका लाल केसांच्या बाईचा हात होता.

थेक्लाने चष्मा काढला.

"हे तुमचे का?" बाईनेच विचारलं. "घेऊन जा हो! अथेन्सपासून हात सोडलेला नाही. बोटं बधिर झाली माझी."

"थेक्ला, जमलं गं मला!" क्लियान्थिसचा चेहरा पांढराफटक होता. "अथेन्सला जाऊन आलो! पुढच्या महिन्यात लंडनला नातवाचा बाप्तिस्मा. लंडनच्या विमानात तुझ्यासमोर शोभा नको, म्हणून आधी सराव केला."

"मग हा कोट? अत्तर?"

"पडलंच विमान, तर निदान माणसांत शोभेलसं मरावं."

थेक्लाला भरून आलं. या भित्र्या माणसावर आपण संशय घेतला, याची तिला मनापासून लाज वाटली. तिने त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली.

"ते असू दे," एलेंगू म्हणाली, "पण पाहुणा कुठाय?"

"कुठला पाहुणा?"

"लंडनचा! थेक्ला त्यालाच तर घ्यायला आलीय."

क्लियान्थिस मिठीतून बाजूला झाला. त्याने आधी लिपस्टिककडे पाहिलं, मग काळ्या चष्म्याकडे.

"कोण आहे तो?"

"अहो, तुम्हीच!"

"मी येणार हे तुला कुठे ठाऊक होतं?"

थेक्लाने तोंड उघडलं. सगळं गोत कान टवकारून उभं होतं. संशयापोटी आले, हे त्यांच्यासमोर कसं सांगायचं? तिने चष्मा पुन्हा चढवला.

क्लियान्थिसने एक खुर्ची दारासमोर ओढली आणि कोटाची बटणं सोडून ऐसपैस बसला.

"एलेंगू," तो म्हणाला, "लंडनचं विमान कधी उतरतंय, ते जरा बघ."