दोन तिरप्या रेघा

मारोतरावांनी त्या रविवारी सकाळी बायकोचा प्रोग्राम तपासायचं ठरवलं. फक्त तपासायचं. बिघडवायचं मुळीच ठरवलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मारोतराव कापसाचे ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारे. संकलन केंद्रावर कापसाची बैलबंडी समोर आली की वरचा पांढराशुभ्र कापूस ते बघतच नसत. कोपरापर्यंत हात खुपसून खालचा ओला, किडका कवडी माल बाहेर ओढत. वीस वर्षं हात खुपसून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. घरी पोह्यांतसुद्धा ते चमचा आधी तळाशी घालत (वर खोबरं पेरलंय म्हणजे खाली काहीतरी लपवलं असणार).

आणि आता अशा माणसाची बायको जावास्क्रिप्ट शिकत होती.

कापसाचे दिवस वाईट होते. यंदा केंद्र उघडतं की नाही याचाच भरवसा नव्हता, म्हणून दीपमालानं बाभुळगावातल्या कंप्युटर क्लासात नाव घातलं. क्लासवाले हिरासिंग सर म्हणाले होते, रविवारी अकराला घरी येऊन तुमचं वेबपान बघतो. चाललं तर सोमवारपासून शिकवायला या. घरात दुसरी नोकरी येणार की नाही, ते त्या पानावर होतं. पान साधंच. चौकटीत कापसाचा ओलावा लिहा, बटण दाबा, ग्रेड हजर.

ग्रेड! हात न घालता ग्रेड सांगणारं यंत्र मारोतरावांच्याच घरात, त्यांच्याच विजेवर तयार होत होतं.

“याच्यात काय काय भरलं, सांग वो,” शनिवारी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“हे व्हेरिएबल. डब्बा समजा. याच्यात ओलाव्याचा आकडा राह्यते. हे फंक्शन. बटण दाबलं का हे चालते. ओलावा जास्त असला त हे सांगते, नाई त ते सांगते.”

“अन् ह्या दोन तिरप्या रेघा कायले?”

“त्याच्यापुढचं कंप्युटर वाचत नाई. लिवणाऱ्याच्या ध्यानात राहावं म्हणून ते राह्यते.”

“वाचत नाई त लिवलं काहून?”

“आता सांगतलं ना!” म्हणत दीपमाला उठली. मारोतरावांना ते उठणंही पटलं नाही.

रविवारी ती नळावर गेली आणि हे खुर्चीत बसले. तिरप्या रेघांच्या तीन ओळी सापडल्या. पहिली, ‘इथे ओलावा घेतला’. दुसरी, ‘इथे ग्रेड ठरते’. तिसरी वाचून त्यांची कानशिलं तापली. ‘ग्रेडरला विचारू नये’!

जे वजनाला आहे पण कामाला नाही, त्याला त्यांच्या धंद्यात भेसळ म्हणतात. ओळी पुसल्या तर पुरावा जाईल, म्हणून त्यांनी फक्त रेघा पुसल्या. आता कंप्युटरला वाचावंच लागेल! बघून बघून शिकलेलं ‘सेव्ह’ त्यांनी केलं आणि पेपर उघडून बसले.

अकराला हिरासिंग सर आले. पोहे झाले. सरांनी चौकटीत आठ लिहिलं आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

दीपमालाचा चेहरा उतरला. महिनाभर स्वयंपाक उरकून, डोळे चोळत तिनं ते पान लिहिलं होतं. तो चेहरा बघून मारोतरावांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच मालाचा संशय आला.

पडद्याच्या खाली कोपऱ्यात चूक दाखवणारा पिवळा त्रिकोण उगवला होता. दीपमालानं त्याच्यावर दोनदा टिचकी मारली, चुकीच्या ओळीचा नंबर वाचला, फाईल उघडली आणि मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मारोतराव पंखा तपासू लागले.

तिनं तीन ठिकाणी रेघा परत टाकल्या. बटण दाबलं. टुणकन चौकट आली: ग्रेड पहिली!

“बाई, आमच्या क्लासातल्या पोट्ट्यायले हे दोन दिवस सापडलं नसतं,” सर खुर्चीतून उठलेच. “उद्यापासून या.”

दीपमाला त्यांना फाटकापर्यंत सोडून आली. तिथे दोघं बराच वेळ हसत होते. मारोतरावांना तेही खटकलं.

“ग्रेडरले विचारू नये, हे काहून लिवलं?” त्यांनी आल्याआल्या गाठलं.

“एकडाव विचारलं होतं. सकाळचं उत्तर दुपारी संपलं. भाजी करपली माही.”

“अन् ह्या यंत्रानं मले घरी बसवलं त?”

“अहो, ओलाव्याचा आकडा कोण देईन त्याले? हात त तुमालेच घालाचा हाये.”

मारोतरावांचा जीव भांड्यात पडला.

“अन् सरायनं तुमालेबी क्लासात बोलावलं.”

“मले?” छाती दोन इंच फुगली. “ग्रेडर म्हणून?”

“नाई. पोट्ट्यायले चुका शोधाले शिकवाचं हाये. रोज नवी चूक करून देणारा माणूस पाह्यजे म्हणे. म्या तुमचं नाव सांगतलं.”

मारोतरावांनी डोळे बारीक केले. “अन् पगार?”

“कायचा पगार?” दीपमाला पोह्यांच्या ताटल्या उचलत म्हणाली. “घरी त फुकटच करता.”