तीन भाऊ आणि एकच घसा

गुंतागुंतीचा सिनेमा डब कसा करावा, हे मला विचारा. या विषयावर अधिकाराने बोलू शकतील अशी माणसं जगात थोडीच आहेत, आणि त्यातली बाकीची बहुधा विनयशील असावीत.

आमच्या स्टुडिओत परदेशी सिनेमे येतात आणि आपली भाषा बोलत बाहेर पडतात. संवाद मी लिहितो. बायकांचे सगळे आवाज माझी बायको काढते. (घरी एकच काढते, पण तो पुरतो.) पुरुषांचे सगळे आवाज भोंगा काढतो. हे त्याचं खरं नाव नाही, पण त्याच्या आईलाही आता तेच आठवतं.

तर झालं असं, की आमचे डबिंग दिग्दर्शक निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीला दोन उमेदवार उभे राहिले. एक मी, आणि दुसरा मालकांचा जावई, जो रेकॉर्डिंगची यंत्रं सांभाळतो. माझ्याकडे अनुभव होता, त्याच्याकडे मालकांची मुलगी!

मालक मला म्हणाले, "हा बेटावरचा सिनेमा तुम्ही करा. काकूंना आवडला तर खुर्ची तुमची. नाही आवडला, तर जावईबापू आहेतच."

काकू म्हणजे आमच्या वितरक. त्या पास म्हणाल्या तरच सिनेमा थिएटरात लागतो. सिनेमा बघताना त्या विणकाम करतात. सुया थांबल्या तर सिनेमा चालला, नाहीतर स्वेटर तयार.

सिनेमा झकास होता. उन्हात वितळणारं बेट, नारळाची झाडं, आणि त्या झाडांखाली एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं. गोष्टी तीन: एक तस्कराची, एक इन्स्पेक्टरची, एक हॉटेलवाल्याची. एक गोष्ट जरा रंगात आली की तिला तशीच लटकवून दुसरी सुरू!

"इथेच सगळे गोंधळ घालतात," मी जाहीर केलं. "आपण गोष्टीप्रमाणे तुकडे वेगळे काढायचे. आधी अख्खा तस्कर उरकायचा, मग अख्खा इन्स्पेक्टर, मग हॉटेलवाला. शेवटी तुकडे जागच्या जागी!"

"आणि दोघं-तिघं एकत्र दिसतात ते प्रसंग?" जावयाने विचारलं.

"ते 'किरकोळ' म्हणून बाजूला ठेवा. सवडीने बघू."

"पण शेवटी हे तिघं भेटत असतील ना?"

"जावईबापू," मी मायेने म्हणालो, "तस्कर डोंगरात, इन्स्पेक्टर ठाण्यात, हॉटेलवाला गल्ल्यावर. भेटतील कुठे? लग्नाला?"

तस्कर फर्मास झाला. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज! भोंग्याने जीव ओतला, वर उत्साहाच्या भरात बर्फ घातलेलं सरबत ढोसलं. दुसऱ्या दिवशी घसा बसला.

"इन्स्पेक्टरचा आवाज काढ."

तस्कर बोलला.

"अरे, इन्स्पेक्टर!"

तस्कर जरा मोठ्याने बोलला.

"हॉटेलवाला तरी?"

तस्कर खोकला.

पण मी डगमगणाऱ्यातला नाही. गोष्टी वेगळ्या, माणसं वेगळी. आवाज एक असला म्हणून बिघडतं कुठे? तिन्ही गोष्टी मी त्याच घशातून पार केल्या.

काकू संध्याकाळी येणार होत्या. दुपारी मी 'किरकोळ' उघडलं.

एक टेबल. टेबलाभोवती तस्कर, इन्स्पेक्टर आणि हॉटेलवाला, आणि तिघांच्या हातात पिस्तुलं! सिनेमाचा अख्खा शेवट 'किरकोळ'मध्ये पडला होता!

भोंगा माइकसमोर उभा राहिला.

"पिस्तूल खाली ठेव!"

"तू ठेव!"

"आधी तो ठेवेल!"

"हा माणूस एकटाच स्वतःशी भांडतोय," जावई म्हणाला. दुःखाने म्हणाला, असं तो आजही सांगतो.

सगळं पुन्हा करायला वेळ नव्हता. मला खुर्ची दारातून बाहेर जाताना दिसत होती, आणि तिच्यावर जावई बसलेला होता.

"मग भाऊ करा ना त्यांना," बायको चहा फुंकत म्हणाली. "माझे तिघं भाऊ फोनवर एकसारखेच बोलतात. आईसुद्धा फसते."

"अगं, एक काळासावळा, एकाचे केस लालभडक, तिसरा तर चेहऱ्यावरून तिसऱ्याच खंडातला! हे भाऊ?"

"वडील बोटीवर होते," बायको म्हणाली.

असं काही ऐकलं की मला आमच्या लग्नाचा अभिमान वाटतो. तस्कर एका ठिकाणी पाठमोरा होता. तिथे त्याचे ओठ दिसत नव्हते. वाक्य बसवलं.

काकू आल्या, सुया सुरू झाल्या. एक बाही पुरी झाली, दुसरी निम्मी झाली. मग ते टेबल आलं. पिस्तुलं रोखली गेली. पाठमोरा तस्कर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "थांब! हा आवाज... हा तर बाबांचा आवाज! दादा?"

सुया थांबल्या!

"तरीच!" काकूंनी निम्म्या बाहीने डोळे पुसले. "तरीच मला मघापासून काहीतरी जाणवत होतं! काय बारकाईने आवाज जुळवलेत हो!"

मालकांनी माझा हात हातात घेतला. जावयाने यंत्राकडे बघून घेतलं. दिवे लागले.

"पण थांबा," काकू म्हणाल्या. "इन्स्पेक्टरने तस्कराच्या बहिणीशी लग्न केलं ना मघाशी?"

जावयाचा चेहरा उजळत चालला.

"मानलेली बहीण!" मी ओरडलो.

"असं कुठे म्हणाले ते?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून त्याच बहिणीचा आवाज हुंदका देत आला, "दादा, मी तुमची सख्खी नाही! बोटीवरून उतरलेल्या एका पोरक्या मुलीला या घराने आपलं म्हटलं!" बायको उभी होती. पदराचं टोक डोळ्याला. ती भूमिकेत शिरली की घरचे खर्चही मंजूर करून घेते.

"हे वाक्य कापलंत?" काकू कडाडल्या. "कोणी कापलं? आत्ताच्या आत्ता परत घाला!"

"घाला!" मालक जावयावर खेकसले.

जावयाने घातलं.

सिनेमा धो धो चालला. अबोला धरलेले भाऊ एकमेकांना तिकिटं पाठवू लागले. खुर्ची मला मिळाली. फिरती आहे, मऊ आहे, आणि तिच्यावरून जावई जरा बुटका दिसतो.

काल काकूंचा फोन आला. सिनेमाचा दुसरा भाग आलाय.

"लोक सारखं विचारतात, त्या पोरांचे वडील कुठे आहेत? मी सगळ्या थिएटरवाल्यांना शब्द दिलाय. दुसऱ्या भागात वडील येणार, आणि पोरांना जवळ घेऊन पोटभर बोलणार!"

"बोलणारच!" मी खुर्चीत एक गिरकी घेऊन म्हणालो.

या वेळी मी शहाणपणा केला. आधी सिनेमा पूर्ण बघितला, 'किरकोळ'सकट. सगळ्या बेटावर म्हातारा एकच आहे.

आणि तो मुका आहे.