देवाची गाडी चिंचेपर्यंत

आजार जात पाहत नाही, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेलं सत्य आहे. त्यामुळे ते काम माणसांवर येऊन पडतं, आणि आमच्या गावाने ते कधी अंगचोरपणे केलेलं नाही.

पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव लहान, पण समतेत कोणाला हार जाणारं नाही. दरवर्षी भैरवनाथाच्या देवळात सप्ताह बसतो. काल्याच्या कीर्तनात महाराज सांगतात, सगळी लेकरं एकाच देवाची. हे वाक्य वेशीवरच्या चिंचेपलीकडच्या वस्तीतही स्वच्छ ऐकू जातं. (एक कर्णा मुद्दाम तिकडे तोंड करून बांधलेला आहे.) वर्गणीही तिकडून इकडे विनाअडथळा येते. मी देवस्थान ट्रस्टचा सचिव आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

सप्ताहाच्या शिलकीतून ट्रस्टने रुग्णवाहिका घेतली. अध्यक्ष काकासाहेबांनी नारळ फोडला आणि पुजाऱ्याने गाडीच्या काचेपाशी भैरवनाथाच्या पितळी पादुका विधिवत बसवल्या. इथे एक तांत्रिक मुद्दा निघाला. जिथे पादुका, तिथे पालखी. पालखीचा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला: देऊळ, बाजारतळ, शाळा, चिंच आणि माघारी. पालखी चिंचेपलीकडे आजवर गेलेली नाही. का गेलेली नाही, हे विचारायची पद्धत नाही. तेव्हा रुग्णवाहिकाही चिंचेपर्यंतच.

सभेत गाडीचा ड्रायव्हर वाल्मिक याने हात वर केला. "पादुका उतरून देवळात ठिवल्या तर?"

"आन् देवाला काय वाटंल?" काकासाहेब म्हणाले.

देवाला विचारायची सोय नसल्याने ठराव एकमताने मंजूर झाला. जनतेच्या सोयीसाठी नियमही केले. वस्तीतल्या रुग्णाने चिंचेखाली येऊन थांबावं. चालता येत नसल्यास निघण्यापूर्वी तसं कळवावं. बेशुद्ध रुग्णाने सोबत एक जबाबदार व्यक्ती आणावी. चिंचेखाली ट्रस्टने सिमेंटचा बाकही बांधला. बाक सर्वांना खुला आहे. त्यावर फक्त वस्तीतलेच लोक बसतात, हा योगायोग. (सरकारी गाडीही आहे म्हणा, पण ती लांबून येते.)

पहिल्या वर्षी चिंचेखाली पोहोचलेल्या रुग्णांपैकी शंभर टक्के रुग्णांना सेवा मिळाली. जे पोहोचले नाहीत ते आकडेवारीत येत नाहीत, कारण ते पोहोचलेच नाहीत.

काकासाहेबांचा मळा वस्तीच्या पलीकडे आहे आणि रस्ता वस्तीतूनच जातो. दिवाळी झाली आणि एके सकाळी मळ्यात विहिरीवर त्यांच्या छातीत कळ आली. त्यांचा मला फोन आला, "गाडी धाडा! मळ्यात!"

"काकासाहेब, चिंचेपतूर येता का?" मी नियमाप्रमाणे विचारलं. त्यांचं उत्तर इतिवृत्तात घेता आलं नाही.

तातडीची सभा मोबाईलवरच झाली आणि ठरावात दुरुस्ती केली: गाडी वस्तीतून जाऊ शकते, वस्तीत थांबू शकत नाही. जाणं म्हणजे प्रवास, थांबणं म्हणजे भेट. प्रवासाला देव कुठूनही जातो, भेटीचं मात्र तसं नसतं. काकासाहेब वाचले. सगळ्या गावाने पेढे खाल्ले, वस्तीतही पाठवले. (चिंचेपर्यंत.)

बरे झालेल्या काकासाहेबांना वाल्मिक मळ्यावर सोडायला गेला, त्याच दिवशी वस्तीत मोनिकाच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिचा नवरा भीमा कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेला. ती दिवस भरल्यामुळे सासूजवळ, साळूबाईजवळ, राहिली होती. साळूबाईचा मला फोन आला.

"अण्णा, सून लई तळमळतीय. मूल आडवं हाय. गाडी आत्ता आमच्या दारावरनं मळ्याकडं गेली, येताना थांबवा की."

"साळूबाई, गाडी जाती. थांबत न्हाई. ठराव हाय तसा."

"मंग धावत्या गाडीत टाकू व्हय तिला?"

हा मुद्दा नियमात नव्हता. तो मी पुढच्या सभेसाठी टिपून घेतला.

साळूबाईला पुढच्या सभेपर्यंत थांबायचं नव्हतं. तिने बायका गोळा केल्या आणि सुनेला बाजेसकट रस्त्याच्या मधोमध आणून ठेवलं. परत येणारी रिकामी गाडी बाजेपाशी आली आणि बंद पडली. "अण्णा, म्या थांबवली न्हाई," वाल्मिकने फोनवर सांगितलं, "बंद पडली." बंद पडणं हा यांत्रिक दोष आहे, सामाजिक नव्हे, त्यामुळे कारवाई करता येईना. मोनिकाला आत चढवल्याबरोबर इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. दवाखान्यात मुलगी झाली आणि दोघी वाचल्या. आम्ही फ्लेक्स लावला: 'भैरवनाथाच्या कृपेने.'

पुढे हा दोष बळावला. वस्तीत ज्याच्या घरी कोणी तापाने फणफणलेलं असेल, नेमकी त्याच्याच दारात गाडी बंद पडू लागली. नगरच्या मेकॅनिकने तपासून सांगितलं, इंजिन ठणठणीत आहे. म्हणजे दोष ड्रायव्हरमध्ये होता. वाल्मिकला शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं आणि त्याच्या जागी काकासाहेबांच्या साडूचा मुलगा कानिफनाथ नेमला. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

श्रावणात साळूबाईला साप चावला. मोनिका पोरीला कडेवर घेऊन रस्त्यात उभी राहिली. कानिफनाथ त्या वेळी काकासाहेबांना मळ्यावरून महिन्याच्या तपासणीला घेऊन निघाला होता. त्याने हॉर्न दिला, तिला वळसा घातला आणि गाडी नेली. काकासाहेब डोळे मिटून जप करत होते. त्याच बाजेवर घालून माणसांनी साळूबाईला पळवत चिंचेखाली आणलं, म्हणजे तिने नियम अक्षरशः पाळला. पण गाडी तोवर लांब गेली होती. साळूबाईने त्या बाकावरच प्राण सोडला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तसं छापलंही आहे.

अडचण आकडेवारीची झाली, कारण साळूबाई पोहोचली होती. सभेत बराच खल होऊन ठरलं की, बाक चिंचेच्या पलीकडच्या अंगाला धरावा. शंभर टक्के कायम राहिले.

आता काही लोक म्हणतात, हा जातीचा प्रश्न आहे. म्हणून मी हे सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचून पाहिलं. यात एकाही जातीचं नाव नाही. एकाचंही आडनाव नाही. तरीसुद्धा चिंचेपलीकडची वस्ती कोणाची, हे तुम्ही दुसऱ्याच परिच्छेदात ओळखलंत आणि मला विचारायची गरजही तुम्हाला वाटली नाही.

डॉक्टरांनी काकासाहेबांना सक्तीची विश्रांती सांगितल्यामुळे ट्रस्टवर एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही. तुम्ही चालाल.