प्रदर्शित वस्तू क्रमांक सात

माझी पत्नी लतिका हिला दमा आहे, हे सुरुवातीलाच नमूद करतो. मी रेल्वेच्या भांडार विभागात अभियंता आहे आणि आम्ही लखनौला आलमबागेत राहतो. रविवारी आम्ही विज्ञान, कला आणि पर्यावरण यांचा संगम साधणारे प्रदर्शन पाहायला गेलो. मधोमध काचेची खोली होती. शेवाळाच्या नळ्यांतून शुद्ध झालेली हवा आत येई. नागरिकाने ती पाच मिनिटे घेऊन अंतर्मुख व्हावे, अशी योजना होती. यंत्रणा डिझेल जनरेटरवर चाले आणि त्याचा धूर रांगेत सोडलेला होता. त्यामुळे आत जाण्याची ओढ आपोआप निर्माण होई.

पाच मिनिटे झाली तरी लतिका निघेना.

"अहो, तीन वर्षांनी छाती मोकळी झालीय. मी नाही येत बाहेर," ती दारातूनच म्हणाली.

स्वयंसेवकाने हात जोडले. "अंकल, आंटीजी दूसरों के हिस्से की साँस ले रही हैं."

संयोजिका अंतरा मॅडम आल्या. त्यांनी नियमावली चाळली. "देखिए, पाँच मिनट दर्शक के लिए हैं. कलाकृति के लिए कोई सीमा नहीं."

इतका स्वच्छ तोडगा मी नोकरीत पाहिला नव्हता. मी लगेच अर्ज भरला. वर्णन: पत्नी, एक नग. स्थिती: वापरातील, नाजूक. काचेवर पाटी लागली, 'वस्तू क्रमांक सात: दमेकरी नागरिक, मिश्र माध्यम', आणि कलाकृतीला कोणी हात लावू नये म्हणून दाराला कुलूप लागले.

तीन वाजता जनरेटर बंद पडला. आतली हवा कोंदली. लतिका काचेवर थापा मारू लागली आणि रांगेने टाळ्या वाजवल्या.

मी दाराकडे धावलो. रखवालदार अदबीने म्हणाला, "साहब, गेट पास के बिना कलाकृति बाहर नहीं जाएगी."

मी कुलूप ओढून पाहिले. पण मुद्दा बिनतोड होता, त्याच्या जागी मीही सोडले नसते. काच फोडावी असे मनात आले, पण ती काच म्हणजे वस्तू क्रमांक सहा होती. सही अंतरा मॅडमची हवी होती आणि त्या मंचावर शुद्ध हवेच्या हक्कावर बोलत होत्या. भाषण संपायला वीस मिनिटे लागली.

लतिका वाचली. ती आता माझ्याशी बोलत नाही. इनहेलर हवा असला तरी कागदावर लिहून मागते.

तुम्हीही होतात की रांगेत, पहिल्या दहांत. ती थापा मारत असताना तुम्ही मोबाइल आडवा धरलात आणि मला चक्क मराठीत म्हणालात, "अहो, जरा बाजूला व्हा." व्हिडिओ चांगला आला आहे. हे पाहून तुमचा श्वास रोखला गेला, असे तुम्ही त्याखाली लिहिले आहे.