एक्केचाळिसाव्या शॉटमधली गुरगुर

गुन्हा घडायच्या आधीच ज्याला त्याचा वास लागतो असा माणूस शतकातून एकदाच जन्माला येतो, आणि या शतकातला तो माणूस आपल्या बहिणीच्या घरी वरच्या खोलीत राहतो, याबद्दल मामांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. विमा कचेरीत अठरा वर्षं त्यांनी दाव्यांची चौकशी केली होती. चोरीला गेलेली एक स्कूटर मालकाच्याच मेव्हण्याच्या अंगणात उभी आहे, हे त्यांनी शोधून काढलं होतं. मेव्हण्याने स्वतःच फोन करून कळवलं होतं, एवढा तपशील ते सांगताना गाळत. चांगल्या हकिगतीत फापटपसारा नको, असं त्यांचं म्हणणं.

नोकरी सोडल्यावर या अफाट बुद्धीचं करायचं काय, असा प्रश्न पडला. भाची एका खासगी फिल्म स्कूलमध्ये दिग्दर्शन शिकत होती आणि तिथेच अभिनयाचा सहा महिन्यांचा वर्ग चालायचा. गुप्तहेराला वेषांतर यायलाच हवं म्हणून मामांनी नाव नोंदवलं. वर्गात ते सगळ्यांत मोठे होते, शिकवणाऱ्या सरांहूनही. भाची मामा म्हणायची म्हणून हळूहळू अख्खं स्कूल त्यांना मामा म्हणू लागलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी त्यांना झाडाचा अभिनय करायला सांगितला, आणि मग वहीत शेरा लिहिला, 'झाड संशयी वाटते.'

भाचीने आपल्या पदविकेच्या फिल्ममध्ये त्यांना घेतलं ते प्रेताच्या भूमिकेत. संवाद नाहीत, हालचाल नाही आणि भुवया तर अजिबात नाहीत, असं तिने बजावलं होतं. सगळ्यांत अवघड काम आपल्यावर सोपवलंय, हे मामांनी ओळखलं.

भाचीसाठी मात्र हा हौसेचा मामला नव्हता. तिची आधीची फिल्म परीक्षकांनी 'आवाज सदोष' असा शेरा मारून परत पाठवली होती. ही दुसरी आणि शेवटची संधी होती. फिल्मचा शेवट म्हणजे एक्केचाळिसावा शॉट. मेलेल्या नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून बायको शांतपणे रडते, बस्स, बाकी काही नाही. बायकोचं काम करायला आक्का आल्या होत्या, चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या. स्टुडिओ पाच वाजेपर्यंतच मिळाला होता आणि घड्याळात सव्वातीन झाले होते.

पहिला टेक अर्ध्यावर आला आणि कानाला हेडफोन लावून बसलेल्या ध्वनिवालीने हात वर केला. कसलीशी गुरगुर ऐकू येत होती. दुसऱ्या टेकला पुन्हा तेच. तिसऱ्या टेकच्या वेळी तर आक्का पहिला हुंदका देतात न देतात तोच गुरगुर अशी लांबली, की कॅमेरावाल्यालाही ती हेडफोनशिवाय ऐकू आली.

प्रेत उठून बसलं. "कुणीही जागचं हलू नका," मामा म्हणाले.

भाचीने कपाळाला हात लावला, पण तिच्याजवळही दुसरा उपाय नव्हता.

मामांचा पहिला सिद्धान्त पारव्याचा होता. छताच्या पोकळीत पारवा घुमतोय, हे त्यांनी नुसत्या कानांवरून ताडलं. शिडी आणवली, पांढरी चादर कमरेला खोचून वर चढले आणि वीतभर जळमटं डोक्यावर घेऊन खाली उतरले. पारवा नव्हता. तो आधीच पसार झालाय, असं त्यांनी जाहीर केलं. चौथ्या टेकला गुरगुर पुन्हा झाली.

दुसरा सिद्धान्त यंत्राचा. बाहेरच्या वऱ्हांड्यातला पाणी गार करायचा कूलर त्यांनी बंद करवला, मग पंखे, मग एसी. दिव्यांच्या उष्णतेने मामांच्या चेहऱ्यावरचा मरणाचा रंग ओघळून मानेवर आला. रंगवालीने तो पुन्हा चढवला, त्यात दहा मिनिटं गेली. पाचव्या टेकला गुरगुर आणखी खणखणीत आली, कारण आता तिच्यावर पांघरूण घालायला दुसरा आवाजच उरला नव्हता.

एक गोष्ट मात्र मामांच्या तीक्ष्ण नजरेतून सुटली नाही. ते तपासाला उभे राहिले, की ध्वनिवालीच्या कानातली गुरगुर थांबायची. पुन्हा आडवे झाले, की सुरू. याचा अर्थ उघड होता. गुन्हेगार त्यांना घाबरून होता आणि त्यांच्यावर नजर ठेवून होता. म्हणजे तो याच खोलीत होता.

कॅमेरावाल्याची स्वतःची फिल्म त्याच परीक्षकांपुढे जाणार होती, हे मामांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला चादरीतूनच बोट दाखवलं आणि हेतू, संधी आणि सवय अशी तिन्ही कलमं लावली. कॅमेरावाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने कॅमेऱ्यावर फडकं घातलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

सव्वाचार वाजले होते.  भाची भिंतीकडे तोंड करून पटकथेची पानं जुळवत बसली. पानं जुळलेलीच होती. मामांनी तिला लहानपणी सायकलवरून पडल्यावरही अशीच पाठ फिरवून बसलेली पाहिलं होतं.  ते चादर सावरत बाहेर गेले आणि कॅमेरावाल्याला म्हणाले, "माझं चुकलं. मी अठरा वर्षांत एकच स्कूटर शोधली, आणि तीसुद्धा फोनवर." कॅमेरावाला हसला आणि आत आला.

आत एकच साक्षीदार उरली होती. आक्का एवढ्या मोठ्या, की त्यांना विचारायचं मामांच्या जिवावर आलं होतं. तरी त्यांनी अदबीने विचारलंच, की त्यांना काही ऐकू आलं का.

"आलं की," आक्का म्हणाल्या. "पहिल्या टेकपासून. पक्षीच आहेत."

"मी म्हणत नव्हतो? पारवा."

"कावळे. तुमच्या पोटातले. छातीवर डोकं ठेवलं, की माझा कान त्यांच्या शेजारीच असतो."

ध्वनिवालीने हेडफोन काढला आणि मामांच्या जागेवर बरोबर टांगलेल्या माइककडे पाहिलं. आधी का नाही सांगितलंत, असं भाचीने विचारलं, तेव्हा आक्का ओशाळल्या. नव्या पद्धतीची फिल्म आहे, तेव्हा ते मुद्दामच ठेवलं असेल असं त्यांना वाटलं होतं. दिग्दर्शकाच्या कामात नाक खुपसायचं नाही, ही त्यांची जुनी सवय.

"मामा," भाचीने विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

मामांनी चादरीचं टोक चाचपलं. प्रेताचं पोट सपाट दिसावं म्हणून ते कालपासून अन्नाला शिवले नव्हते. भूमिकेचा अभ्यास म्हणून.

मग पुढची दहा मिनिटं सगळ्या तंत्रज्ञांनी एका प्रेताला जेवू घातलं. रंगवालीने दोन केळी सोलून दिली, कॅमेरावाल्याने आपल्या डब्यातलं उरलेलं आणलं, आणि ध्वनिवाली माइक त्यांच्या पोटावर धरून, आता कसं वाटतंय ते ऐकत राहिली. पाचाला अठरा मिनिटं कमी असताना तिने मान डोलावली.

सहावा टेक. आक्कांनी डोकं छातीवर ठेवलं. त्या रडू लागल्या तेव्हा खोलीत खरोखरच कुणी गेल्यासारखं झालं. त्यांचं एक आसू ओघळून मामांच्या गळ्याच्या खळगीत साचलं. गळा विलक्षण खाजत होता. मामांनी त्याचा तपास केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कशाचाच तपास केला नाही, ते नुसते पडून राहिले.

भाची बराच वेळ 'कट' म्हणाली नाही. मग अगदी हळू म्हणाली. ध्वनिवालीने अंगठा वर केला. सगळे आक्कांकडे धावले, कुणी पाणी दिलं, कुणी वाकून नमस्कार केला. भाची मात्र चादरीशेजारी येऊन जमिनीवर बसली आणि मामांच्या केसातलं जळमट काढत म्हणाली, "मामा, छान मेलास."

मामा डोळे मिटून तसेच पडून राहिले. एवढ्या शाबासकीनंतर लगेच उठून बसणं त्यांना बरं दिसेना.