काळी फेरी

त्या शनिवारी आम्ही नवराबायको टपरीच्या बाकड्यावर बसून एक पाव दोघांत मोडून चहाबरोबर खात होतो, आणि ठकूबाई मला सांगत होती की फ्रान्समध्ये पाव असा पार बुडवत नाहीत.

"मग कसा बुडवतात?" मी विचारलं.

"टोक भिजवायचं आन खायचं. तुमच्यावानी आंघोळ नाय घालत कोणी."

फ्रान्स तिनं बघितलेलं नव्हतं. जिल्ह्याची हद्द तिनं एकदाच ओलांडली, शिर्डीला जायला, आणि तिथंही रांग लांब आहे म्हणून कळसाला हात जोडून परत आली. पण गेली काही वर्षं आमच्या घरात फ्रान्सच्या परवानगीशिवाय काही हलत नव्हतं. मी जेवताना आवाज केला, फ्रान्समध्ये चालत नाही. मी दुपारी आडवा झालो, फ्रान्समध्ये या वयाची माणसं सायकलवर असतात. अंगावर नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तोंडात फ्रान्स. गाव तिला फ्रान्सबाई म्हणायचं आणि मला फ्रान्सबाईचा नवरा. उभा जन्म सातपूरच्या फाउंड्रीत भट्टीपुढे काढला, तिथं मला माझं नाव होतं. ते गेलं.

हे खूळ घरात कसं शिरलं ते सांगतो. आमचं गाव गंगापूर धरणाच्या अंगाला. ठकूबाई द्राक्षाच्या बागेत छाटणीला, तोडणीला जायची. मग जो तो वाइनची द्राक्षं लावायला लागला, आणि धरणाकडच्या एका वाइनवाल्यानं फ्रान्सहून साहेब आणला. त्याला रांधून घालायला ठकूबाई लागली. साहेब भला माणूस होता. तिखट खाऊन रडायचा, पण ताट पुरं करायचा.

त्या साहेबाला रविवारी घरात बसवत नसे. जाड टायरची सायकल काढायचा आणि बागांच्या मधून, जंगलखात्याच्या डोंगरातून हिंडून चिखलात माखून यायचा. डोंगरात सायकल. ज्या वाटेवर शेळी विचार करून पाय टाकते त्या वाटेवर.

एकदा त्यानं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ठकूबाईला आपला मुलूख दाखवला. जंगल, नदी, द्राक्षाच्या बागा, आणि मधल्या गावात त्यांचं चर्च. चर्चपासून चार रेघा निघालेल्या, हिरवी, निळी, तांबडी आणि काळी, आणि चारही वळसा घेऊन परत चर्चपाशीच आलेल्या. वाइनवाल्याचा सुपरवायझर मराठीत सांगत होता की या डोंगरातल्या सायकलच्या वाटा आहेत, हिरवी सोपी, काळी सगळ्यात अवघड. ठकूबाईनं पुढचं ऐकलंच नाही. देवापासून निघायचं, डोंगराला वळसा घालायचा आणि देवापाशी यायचं, याला काय म्हणतात हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती आईचा पदर धरून त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी घालत मोठी झाली होती.

"ती लोकं सायकलवर बसून फेरी घालत्यात," तिनं घरी येऊन सांगितलं. "लय देवभोळी हायत."

"दारू प्यायला हिंडतात ती," मी म्हणालो.

"आपले फेरीवाले काय पीत नाय का?"

शिवाय तिच्याकडे आणखी एक पुरावा होता. आपल्या बागेवर बुरशीसाठी जे निळं बोर्डो औषध मारतात, त्याचं नाव साहेबाच्या मुलखातल्या शहराचं आहे असं साहेबानंच सांगितलेलं. "म्हंजे सोयरीकच हाय," ठकूबाई म्हणाली, आणि विषय मिटला.

साहेब परत जायला निघाला तेव्हा त्यानं ती सायकल आणि तो नकाशा तिला देऊन टाकला. मी म्हणालो, नातवाला ठेवू. तिनं दुसऱ्या दिवशी सायकल बागेत नेली आणि द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये शिकायला लागली. पडली तर तारेला धरायची. आठ दिवस द्राक्षाच्या तारा वाजत होत्या. नऊवारीचा काष्टा त्या सीटवर असा बसला की फ्रान्सवाल्यांनी सायकल लुगड्याचं माप घेऊन केली असावी.

मग तिनं त्या चार रेघा आमच्या डोंगरावर बसवल्या. चर्चच्या जागी मारुती. हिरवी बागांतून धरणाच्या पाण्यापर्यंत, निळी ओढ्याकाठानं, तांबडी पळसाच्या रानातून. काळी सगळ्यात लांबची, खिंडीवरून सागाच्या जंगलात, तिथून पलीकडच्या बागांत उतरून, मागच्या चढानं परत मारुती. नियमही तिनंच केले आणि नाव फ्रान्सचं घातलं. निघताना नारळ. डोंगर कायम उजव्या हाताला. चढाला बोलायचं नाही. काळी रेघ शनीची, म्हणून ती शनिवारीच धरायची आणि मारुतीला वाहून उरलेलं तेल चेनीला घालायचं. आणि अर्ध्यातून माघारी फिरायचं नाही. फिरलं की फेरी लटकते. लटकलेली फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी, जिथं सोडली तिथूनच उचलली तर धरतात, नाहीतर गेली. साहेबानं हे ऐकलं असतं तर डोकं धरून बसला असता.

"तू जा, मला कशाला ओढते?" मी पहिल्या दिवशीच विचारलं.

"फ्रान्समध्ये जोडीनं घालत्यात."

झालं. मी माझी कंपनीत जायची जुनी सायकल काढली, कॅरिअरला डब्याची पिशवी बांधायची दोरी अजून तशीच होती, आणि हिच्या मागे निघालो.

आणि ती तिची चेन. परदेशी सायकल, मारुतीचं तेल, तरी प्रत्येक चढाला चेन पडायची. मी खालून ढकलत, खोकत वर यावं, तर ही सायकल आडवी घालून चेनीपाशी उकिडवी बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणायची, "चेन पडली." मी दगडावर बसायचो. फाउंड्रीची धूळ छातीत बसलेली, चढाला मला जरा वेळ लागतो. माझा दम जाग्यावर यायचा आणि त्याच सुमाराला तिची चेन बसायची. मग ती उठायची, लुगड्याला हात पुसायची आणि म्हणायची, "चला, किती बसताय?" म्हणजे खोळंबा हिच्या चेनीचा आणि बोलणी मला. चेनीचं वंगण एवढं घाण, पण तिच्या लुगड्याला कधी डाग दिसला नाही. बाई टापटीप, एवढंच मी धरलं.

शेवटी वैतागून मी ती सायकल सातपूरला सायकल दुरुस्तीवाल्या रशीदभाईकडे नेली. त्यानं सायकल उलटी करून पायडल फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"बाबा, हिला काय नाय झालं. ही चेन पडूच शकत नाय."

"मी माझ्या डोळ्यांनी बघतो."

"पडताना बघितली?"

"पडल्यावर बघितली."

"बसवताना तरी बघितली का?"

"मी तिकडं खोकत असतो," मी म्हणालो.

रशीदभाई हसला. मला वाटलं, याला धंदा येत नाही. दुसऱ्याकडे जाऊन नवी चेन टाकून घेतली. पुढच्या रविवारी पहिल्याच चढाला नवी चेनही पडली.

"नवी हाय," ठकूबाई म्हणाली. "रुळायला वेळ लागंल."

अशा तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या. काळी तेवढी राहिली. तिचा ध्यास घेतला होता तिनं. ज्वारी पाखडताना काळी, भाकरी थापताना काळी. "तेवढी झाली की चारी पुऱ्या. मग तुम्ही झोपा दिवसभर, फ्रान्सला नाय सांगणार मी."

त्या शनिवारी निघालो. खिंडीच्या चढाला तिची चेन दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मी तिच्यापर्यंत पोचलो आणि खालीच बसलो. खोकला थांबेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती चेनीपाशी बसून होती, बराच वेळ बसून होती. मग उठली.

"चेन बसत नाय. माघारी चला."

"फेरी लटकेल."

"लटकू द्या."

पोराचं लग्न अर्ध्यात सोडून आली असती, पण फेरी नाही. सकाळपासून छाती फाडून मला इथवर आणलं आणि आता लटकू द्या. सायकली हातात धरून आम्ही खाली आलो, आणि टपरी येईपर्यंत मी बडबडत होतो. मग तो चहा, तो पाव, आणि फ्रान्समध्ये तो कसा भिजवतात ते.

चहा संपल्यावर म्हणाली, "उद्या सकाळी तिथूनच उचलीन मी. तुम्ही नका येऊ."

"जोडीनं घालतात ना?"

"उरलेली निम्मी एकट्यानं चालती."

"हे कोणी सांगितलं?"

"फ्रान्समध्ये चालतंय," असं म्हणून तिनं माझ्या कपातला उरलेला घोट पिऊन टाकला.

घरी आलो. जेवलो. दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती आणि निवडता निवडता तिनं भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले. मी म्हणालो, काय गं, फ्रान्समध्ये बसून झोपतात का. तिनं उत्तर दिलं नाही. ठकूबाईनं फ्रान्सवर उत्तर दिलं नाही असं आजवर झालं नव्हतं, म्हणून मी उठून तिच्याजवळ गेलो.

पाहुणे जवळपासचेच. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. मी पडवीतून तिची सायकल काढली. पोरगा आडवा आला.

"बाबा, सुतकात कुठं निघाले?"

"फेरी लटकलीय."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतात तेच म्हणतील. फ्रान्सबाईचा नवरा."

तो बाजूला झाला. कोणीतरी आतून म्हणालं, म्हाताऱ्याला काय झालं बघा. मी बघायला थांबलो नाही.

खिंडीच्या चढापर्यंत सायकल हातात धरून नेली. जिथं ती उकिडवी बसली होती तिथं मातीत टायरची खूण होती. तिथून उचलली. थोडं चढलो, थोडं ढकललं, खिंड ओलांडली. सागाच्या पानांवरून टायर कुरकुर वाजत होते. पलीकडच्या बागांत उतरलो तर कोणीतरी बोर्डो मारत होतं, निळा वास सगळीकडे. छाटणीच्या बायकांनी सायकल ओळखली. एकीनं हात वर केला आणि मला बघून खाली घेतला. तिच्यापर्यंत निरोप पोचला होता.

चेन पडली नाही. खिंडीत नाही, दगडांत नाही, ओढ्यात नाही. रशीदभाई खरं सांगत होता.

मारुतीच्या अलीकडे शेवटचा चढ आहे. अर्ध्यावर माझा श्वास तुटला. सवयीनं वर बघितलं. वर कोणी नव्हतं.

मग मी तिची सायकल आडवी घातली आणि चेनीपाशी उकिडवा बसलो. चेन जागच्या जागी होती. तिच्यावर बोटं ठेवून, दम येईपर्यंत मी ती बसवत राहिलो. हात पायजम्याला पुसले. पांढऱ्या पायजम्याला काळा डाग पडला.

मग उठलो, आणि डोंगर उजव्या हाताला ठेवून फेरी पुरी केली.